आकड्यांना नावे देणारी आज्ञावली

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. सीमारेषा आखली गेली, तरी शेतीचे व नात्यागोत्याचे व्यवहार तिच्यापाशी थांबले नाहीत. निपाणी परिसरातील एखाद्या कुटुंबाची काही जमीन कर्नाटकात, तर काही शेजारच्या कागल तालुक्यात असू शकते. अशा कुटुंबास दोन प्रकारचे उतारे सांभाळावे लागतात. महाराष्ट्राच्या सातबारावर क्षेत्र हेक्टर व आर यांत दिलेले असते. कर्नाटकाच्या पहाणी पत्रकात ते एकर, गुंठे व आणे यांत असते. वाटणी असो, कर्जप्रकरण असो वा पिकाचा हिशोब, दोन्ही क्षेत्रे प्रथम एका मापात आणावी लागतात.

हे काम संगणकावरील एक लहानशी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञावली, क्षणार्धात करू शकते. कमांड लाइनवर तिचे नाव लिहावयाचे आणि त्यापुढे आकडे द्यावयाचे. आदेशासोबत दिलेल्या या माहितीस आर्ग्युमेंट म्हणतात. घाईने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये कोणता आकडा कशाचा, हे केवळ क्रमावरून ठरते. धोका नेमका येथेच असतो.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटर, तर एक आर १०० चौरस मीटर. या हिशोबाने २ एकर ५ गुंठे, म्हणजेच ८५ गुंठे, सुमारे ८६ आर होतात. आकडे चुकून उलट दिले गेले, तर स्क्रिप्ट ५ एकर २ गुंठे समजते आणि सुमारे २ हेक्टर ४ आर असे उत्तर देते. दोन्ही उत्तरे संभवनीय दिसतात. त्यामुळे संगणक हरकत घेत नाही आणि पाहणाऱ्यासही शंका येत नाही. दुसरी चूक दशांश चिन्हाची. २ एकर २० गुंठे हे क्षेत्र ‘२.२०’ असे लिहिले, तर संगणक ते दशांश अपूर्णांकातील एकर मानतो. परिणामी १०० गुंठ्यांऐवजी ८८ गुंठेच हिशोबात येतात. १२ गुंठे जमीन कागदावरून नाहीशी होते.

यावरील पहिला उपाय म्हणजे प्रत्येक आकड्यास नाव देणे. ‘क्षेत्र --एकर २ --गुंठे ५’ असा आदेश असला, की क्रम बदलला तरी अर्थ बदलत नाही. पायथॉन भाषेत या कामासाठी ‘आर्गपार्स’ हा भाग २०१० पासून अंगभूत आहे. कोणती माहिती अनिवार्य, कोणती ऐच्छिक, हे त्यात आरंभीच नोंदविता येते. एकर व गुंठे अनिवार्य ठेवून, आणे न दिल्यास ते शून्य धरावेत, अशी व्यवस्था त्यात होते. पर्यायांची नावे देवनागरीत ठेवता येतात आणि ‘२५’ असा देवनागरी अंकही पायथॉन पूर्णांक म्हणून स्वीकारते.

दुसरा उपाय तपासणीचा. गुंठे ० ते ३९ आणि आणे ० ते १५ यांपलीकडे जाऊ शकत नाहीत. ‘एकर’ या पर्यायास पूर्णांकच हवा असे ठरविले, तर ‘२.२०’ दारातच अडते. चुकीची माहिती आल्यास आर्गपार्स त्रुटीचा संदेश देऊन २ या संकेतांकाने काम थांबविते. हा संदेश उत्तराच्या प्रवाहात न मिसळता स्वतंत्र मार्गाने येतो. त्यामुळे उत्तरे धारिकेत साठविली जात असली, तरी धारिका दूषित होत नाही.

तिसरा उपाय मांडणीचा. माहिती घेणे, हिशोब करणे आणि उत्तर छापणे ही तीन कामे तीन स्वतंत्र फंक्शनमध्ये असावीत व एका मुख्य फंक्शनने ती क्रमाने करवून घ्यावीत. हिशोब करताना सर्व क्षेत्र प्रथम आण्यांत आणावे. एका एकराचे ६४० आणे होतात. आर काढून आकडा जवळच्या पूर्णांकात आणावयाचा तो केवळ अखेरीस. टप्प्याटप्प्यावर असे केल्यास लहान तुकड्यांच्या बेरजेत फरक साठत जातो. हिशोबाचा भाग वेगळा असल्यामुळे तो स्वतंत्रपणे पडताळून पाहता येतो. १ एकराचे ४०.४७ आर येतात काय, ३९ गुंठे १५ आणे बरोबर उतरतात काय, हे काही क्षणांत कळते.

जुनी स्क्रिप्ट सुधारण्यापूर्वी हाताने पडताळलेल्या काही उताऱ्यांची तिने दिलेली उत्तरे जपून ठेवावीत आणि प्रत्येक बदलानंतर ती ताडून पाहावीत. मांडणी बदलावी, बरोबर असलेले उत्तर बदलता कामा नये. शेवटी ‘हेल्प’ या पर्यायाखाली प्रत्येक नावाचा अर्थ, माप आणि एक नमुना सोप्या मराठीत द्यावा. स्क्रिप्ट लिहिणारी व्यक्ती आणि ती वापरणारी व्यक्ती नेहमी एकच नसते. मूळ उतारा हाच अधिकृत आधार राहतो. त्या उताऱ्यावरील प्रत्येक गुंठा हिशोबात जसाच्या तसा उतरविणे, हे सुव्यवस्थित आज्ञावलीचे काम होय.