जिंकलेला मुलूख कुणाचा?

समजा, शेजाऱ्याशी आपले भांडण झाले. आपण त्याला मागे रेटले आणि त्याच्या शेतात जाऊन बसलो. मग म्हणालो, "हा पुन्हा अंगावर येईल, तेव्हा हे शेत माझ्याकडेच राहू द्या." पंच काय म्हणतील बरे?

देशादेशांतही हाच प्रश्न पडतो. इस्रायल हा भूमध्य समुद्राकाठचा लहानसा देश. जून १९६७ मध्ये त्याची शेजाऱ्यांशी लढाई जुंपली. इजिप्तवर पहिला हल्ला इस्रायलने केला. इजिप्तच चढाई करणार होता, असे त्याचे म्हणणे. सहा दिवसांत लढाई आटोपली. इजिप्तचे सिनाईचे वाळवंट, सीरियाचे गोलान पठार आणि आणखीही मुलूख इस्रायलच्या हाती आला.

गोलान उंचावर आहे. खाली इस्रायलची गावे. पूर्वी वरून त्या गावांवर तोफा डागल्या जात. म्हणजे भीती खोटी नव्हती. पण पठारावरही माणसं राहत होतीच की! हजारो सीरियन लोक घरदार सोडून गेले, ते परत येऊ शकले नाहीत.

कायदा काय सांगतो? तह होईपर्यंत जिंकलेल्या मुलखात फौज राहू शकते. पण ताबा म्हणजे मालकी नव्हे. राखणदार काही शेताचा धनी होत नाही. तिथे आपली माणसे नेऊन वसवायलाही १९४९ च्या जिनिव्हा कराराची मनाई आहे. युद्धाने मुलूख मिळवणे मान्य नाही, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने नोव्हेंबर १९६७ मध्ये केला. प्रत्येक देशाला सुरक्षित सीमांच्या आत शांतपणे जगण्याचा हक्क आहे, हेही त्याच ठरावात आहे.

आता सिनाईचे पाहा. एवढे मोठे वाळवंट मध्ये असूनही १९७३ मध्ये इजिप्तची फौज सुएझ कालवा ओलांडून आलीच. पुढे १९७९ मध्ये दोघांनी तह केला. इस्रायलने सिनाई सोडायचे, इजिप्तने तिथे फौज मोजकीच ठेवायची, आणि पहाऱ्याला परक्या देशांची माणसे. एप्रिल १९८२ मध्ये इस्रायलचे सैन्य तिथून निघाले. तेव्हापासून त्या दोघांत युद्ध झालेले नाही. आम्हाला वाटते, वाळवंटाने दिली नाही ती सुरक्षितता या कागदाने दिली.

गोलान मात्र सुटले नाही. १९८१ मध्ये इस्रायलने तिथे आपला कायदा लागू केला. सुरक्षा समितीने तो रद्दबातल ठरवला, तरी ताबा कायम राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातली राजवट कोसळली, तेव्हा इस्रायलचे सैन्य गोलानच्याही पुढे, दोन्ही फौजांमधल्या मोकळ्या पट्ट्यात शिरले. कारण तेच सांगितले : सुरक्षितता.