मूळ एक, अर्थ वेगळे: लोणारच्या काठावरून

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या काठावर उभे राहिले की हमखास कानावर येते, ‘इथे मीटिऑर पडला.’ कुणी मीटिऑराइट म्हणते, कुणी मीटिऑरॉइड. शब्द सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, म्हणून मुले एकाच्या जागी दुसरा लिहून मोकळी होतात. पण हे शब्द नीट सोडवले तर समोरचे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवरही समजायला लागते.

गैरसमज १: तिन्ही शब्दांचा अर्थ एकच.

वस्तुस्थिती: तिघांचे मूळ एकच, ग्रीक ‘मीटिऑरॉस’, म्हणजे उंचावर, अधांतरी असलेले. फरक प्रत्ययात आहे. ‘-ऑइड’ म्हणजे ‘च्यासारखा’. अवकाशात फिरणारा लहान खडक तो मीटिऑरॉइड. तो वातावरणात शिरून पेटला की दिसणारी प्रकाशाची रेघ म्हणजे मीटिऑर, आपली उल्का. ‘-आइट’ हा दगड-खनिजांच्या नावांत येणारा प्रत्यय, ग्रॅफाइटमधला. जमिनीवर पोचलेला दगड तो मीटिऑराइट, मराठीत अशनी. लोणारचे विवर झाले ते अशनी आदळून. उल्का ही नुसती रेघ, ती खड्डा पाडत नाही.

गैरसमज २: तो दगड अजून सरोवराच्या तळाशी आहे.

वस्तुस्थिती: एवढे विवर पाडणारा खडक सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगाने येतो. आदळताक्षणी तो बहुतांशी वितळतो, त्याची वाफ होते. मागे राहतात खुणा. लोणारच्या तळात भोके पाडून काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडले. प्रचंड धक्क्याने खनिजाची झालेली ही काच ज्वालामुखीत तयार होत नाही. १९७३ मध्ये हा पुरावा प्रसिद्ध झाला.

गैरसमज ३: क्रेटर म्हणजे आघाताचा खड्डा.

वस्तुस्थिती: ग्रीक ‘क्रेटर’ हे द्राक्षासवात पाणी मिसळण्याचे रुंद तोंडाचे भांडे. शब्द फक्त आकार सांगतो, कारण सांगत नाही. ज्वालामुखीचे तोंडही क्रेटरच. लोणारभोवती सगळा लाव्हाचा काळा कातळ, त्यामुळे हे विवर ज्वालामुखीचे, असे अनेक अभ्यासकांनाही दीर्घकाळ वाटत होते.

गैरसमज ४: मीटिऑरॉलॉजी म्हणजे उल्कांचा अभ्यास.

वस्तुस्थिती: ते हवामानशास्त्र. ॲरिस्टॉटलच्या काळी पाऊस, गारा, वीज, उल्का असे वर घडणारे बरेच काही याच एका नावाखाली येई. पुढे उल्का खगोलशास्त्राकडे गेल्या, नाव मात्र हवामानाकडे राहिले. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी नावात तोच शब्द आहे. हवामानशास्त्रात पावसाच्या थेंबाला आजही ‘हायड्रोमीटिऑर’ म्हणतात.

म्हणून शब्दाचे मूळ ओळखले तरी प्रत्यय वाचल्याशिवाय अर्थ पक्का होत नाही. पोरांना हे शिकवायचे तर आषाढात लोणारच्या काठावर न्यावे. विवरात उतरणारी सर आणि ते विवर पाडणारा दगड, दोघांच्या इंग्रजी नावात मूळ एकच: उंचावरचे.