फँटसी क्रिकेट : खेळणारा सुटेल, पैसे गोळा करणारा नाही

“हायकोर्टानेच परवानगी दिलीय ना?” फँटसी टीमचा विषय निघाला की थळच्या मुलांकडून आम्हाला हे हमखास ऐकायला मिळते. ही माहिती जुनी झाली.

ड्रीम इलेव्हन हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2019 रोजी दिला होता. पण 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात कौशल्य की नशीब, हा प्रश्नच उरलेला नाही. पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ चालवण्यास बंदी आहे. ड्रीम इलेव्हननेही पैशांच्या स्पर्धा लगेच बंद केल्या. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, हे खरे; पण त्या भरवशावर कोणी राहू नये.

नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला मात्र 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड; जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षे, 50 लाख. मदत करणे, इतरांना ओढणे हेही यात येते. आम्हाला काळजी आहे ती इथेच. व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतःचा क्यूआर कोड टाकून सगळ्यांची एन्ट्री फी घेणारा किंवा कमिशनसाठी परदेशी ॲपची लिंक फिरवणारा आपलाच पोरगा असतो. मालक सापडत नाही, बँक खाते याचे सापडते.

फसवणूक झाली असेल तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब 1930 वर फोन करा.