गाडीत सबवूफर लावताय? आधी स्टिरिओ पारखा
● वॅट : खोक्यावरचा ‘५० वॅट × ४’ हा क्षणिक कमाल आकडा. सलग मिळणारी ताकद, म्हणजे ‘आरएमएस’, चॅनलमागे साधारण १५ ते २२ वॅटच असते. सबवूफरला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर हवाच.

● मागची बाजू : सबवूफरसाठी स्वतंत्र आरसीए प्रीआउट आहे ना, ते पाहा. २ व्होल्टचा चालतो. ४ व्होल्टचा असल्यास खरखर कमी.

● फिल्टर : लो-पास ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा.

● वायर : अ‍ॅम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीवरून घ्या, फ्यूज बॅटरीजवळच बसवा.

● खारा वारा : मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या हवेत तांब्यावर हिरवा थर चढतो. कलई केलेली वायर घ्या. अर्थिंगचा बोल्ट रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा.