पोराची प्रयोगवही आणि उसाची पोल



मुलगा किंवा मुलगी कॉलेजात सायन्सला गेली, फी भरली, वसतिगृहाची सोय झाली, की आपण निर्धास्त होतो. सुट्टीत पोरगं घरी येतं ते एक जाडजूड वही घेऊन. तिला जर्नल म्हणतात. ती पुरी करून सरांची सही झाल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. रात्री जागून ते वही भरतं, आणि आपल्याला वाटतं, अभ्यास चाललाय. एकदा शेजारी बसून पाहावे. पुष्कळदा पुढ्यात गेल्या वर्षीची कुणाची तरी वही उघडी असते आणि त्या वहीतले आकडे या वहीत चाललेले असतात.

हा विषय ऊस उत्पादकांच्या अंकात कशाला, असे कोणी विचारील. कारण फिजिक्सच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग असा आहे की तो थेट आपल्या मालाचा आहे. साखरेच्या पाण्यातून जाताना प्रकाश किती वळतो, हे त्यात मोजतात. यंत्राचे नाव पोलॅरिमीटर. साखरेचा हा गुण फ्रान्समध्ये बियो या शास्त्रज्ञाने 1815 च्या सुमारास दाखवून दिला.

सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश एका खास स्फटिकातून नेला, की तो एकाच पातळीत कंप पावतो. आधी नळीत नुसते शुद्ध पाणी भरायचे. डोळा लावला की गोल चकती दिसते, अर्धी उजळ, अर्धी काळपट. दोन्ही अर्धी सारखी दिसेपर्यंत यंत्र फिरवायचे आणि आकडा टिपायचा. मग नळीत साखरेचे पाणी भरून पुन्हा तेच. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की वळण मिळते. काट्यावर भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करतात ना, तसेच हे. रिकाम्या गाडीचे वजन न घेता कोणी पावती फाडली तर आपण चालवून घेऊ का? पण वहीत पाण्याचा आकडा पुष्कळ मुले अंदाजाने टाकतात!

100 मिलिलिटर द्रावणात 10 ग्रॅम साखर असली आणि नळी 20 सेंटिमीटरची असली, तर वळण सुमारे 13.3 अंश यायला हवे. त्यावरून साखरेचा ठरलेला आकडा 66.5 येतो. आता समजा मुलीला 12.9 अंश दिसले. हिशेब 64.5 वर आला, म्हणजे 3 टक्के कमी. इथेच खरी परीक्षा असते. 12.9 खोडून 13.3 लिहिणे एका क्षणाचे काम. पण तो आकडा तसाच ठेवून तिने शोध घेतला तर? साखर दमट होती का, पाणी खुणेच्या वर गेले का, साखर पुरती विरघळली होती का? अहवालातले उद्देश, साहित्य, आकृती, सूत्र हे सारे पुस्तकात छापलेले असते. तिचे स्वतःचे असे फक्त निरीक्षणांच्या तक्त्यात आणि चूक कुठून आली या चार ओळींत असते. आमच्या मते मार्क द्यायचे तर त्या चार ओळींना द्यावेत. तीनही वेळा बरोबर 13.3 आलेला तक्ता पाहिला की जाणता मास्तर मनात हसतोच.

हेच तत्त्व कारखान्याच्या लॅबमध्ये रोज वापरात असते. ‘पोल’ हा शब्द त्यातूनच आला. उतारा म्हणजे पोत्यात पडलेली साखर आणि गाळलेला ऊस यांचे प्रमाण, हे खरे. पण रसात किती साखर आली, बगॅसमध्ये किती गेली, मोलॅसिसमध्ये किती राहिली, हा जमाखर्च पोलवरच मांडतात. आणि आपली एफ.आर.पी. उताऱ्याशी जोडलेली आहे. त्या टेबलावर उद्या बसणारा केमिस्ट म्हणजे आज जर्नल भरणारे आपलेच पोरगे.

शिळ्या उसाची गंमतही या यंत्रात दिसते. ऊस तोडून पडून राहिला की त्यातली साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. साखर प्रकाशाला उजवीकडे वळवते, हे मिश्रण डावीकडे. म्हणून पोल उतरते. उलट कुजक्या उसात डेक्स्ट्रान तयार झाले, तर ते साखरेपेक्षा कितीतरी जास्त उजवीकडे वळवते, आणि नसलेली साखर यंत्र दाखवू लागते! तेव्हा लॅबमधला शहाणा माणूस नुसत्या एका आकड्यावर विसंबत नाही. रसाची शुद्धता, ऊस किती तासांचा, हेही पाहतो.

येत्या हंगामात मुले सुट्टीवर आली की केमिस्ट साहेबांना विचारून त्यांना लॅबमध्ये घेऊन या. सकाळी तोडलेल्या उसाचा रस आणि चार दिवस बांधावर पडलेल्या उसाचा रस, दोन्ही पाहू द्या. वही मात्र कोरी आणा, आणि पेन्सिल घरी ठेवा.