दूरस्थ सर्व्हर-नियंत्रण : के.व्ही.एम. स्विचची मांडणी

प्रास्ताविक

मोठ्या कार्यालयातील सर्व्हर सहसा एका बंदिस्त, थंड ठेवलेल्या खोलीत असतात. प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र कीबोर्ड, मॉनिटर व माउस जोडणे खर्चिक आणि गैरसोयीचे असते. या तिन्ही साधनांचा एकच संच अनेक सर्व्हरसाठी वापरता यावा, म्हणून जे उपकरण योजतात त्यास के.व्ही.एम. स्विच म्हणतात. हाच स्विच नेटवर्कला जोडला, की दूरच्या गावी बसलेला व्यवस्थापकही सर्व्हर हाताळू शकतो. ते कसे घडते आणि त्यासाठी कोणती दक्षता घ्यावी लागते, हे या घटकात पाहू.

कार्यपद्धती

सर्व्हरकडून मॉनिटरकडे जाणारे चित्र स्विच ग्रहण करतो, त्याचे अंकीय रूपांतर व संक्षेपण करतो आणि नेटवर्कवरून व्यवस्थापकाच्या पडद्यावर पाठवितो. व्यवस्थापकाने दाबलेली कळ उलट मार्गाने सर्व्हरपर्यंत पोहोचते. सर्व्हरच्या दृष्टीने ती समोरच्या कीबोर्डवरूनच आलेली असते. त्यामुळे कार्यप्रणाली सुरू झालेली नसतानाही पडदा दिसतो आणि बायोसमधील बदलही करता येतात. एसएसएचसारख्या पद्धतीत हे शक्य नसते, कारण तिच्यासाठी सर्व्हरवरील कार्यप्रणाली चालू असावी लागते.

मांडणीचा क्रम

पहिली मांडणी स्विचजवळ बसूनच करणे इष्ट. प्रथम त्यास स्थिर आयपी पत्ता, सबनेट मास्क व गेटवे द्यावा. त्यानंतर कारखान्यातून आलेला पासवर्ड तत्काळ बदलावा. प्रत्येक व्यवस्थापकाचे खाते स्वतंत्र ठेवून त्याला आवश्यक तेवढ्याच सर्व्हरचे अधिकार द्यावेत. टेलनेटवरून पासवर्ड उघड्या मजकुरात जातो. म्हणून ती सेवा बंद करून केवळ कूटबद्ध संपर्क चालू ठेवावा. प्रत्येक पोर्टला त्या सर्व्हरचे नाव द्यावे, अन्यथा चुकीचा सर्व्हर बंद होण्याचा धोका संभवतो. अखेरीस मांडणीची प्रत अन्यत्र जतन करावी. पुढे दुरून स्विचचाच आयपी पत्ता बदलावा लागला, तर तो दोनदा पडताळावा. एक अंक चुकला तरी संपर्क तुटतो आणि कोणाला तरी प्रत्यक्ष तेथे जावे लागते.

स्वतंत्र मार्गाची आवश्यकता

ज्या नेटवर्कमधील बिघाड दुरुस्त करावयाचा, त्याच नेटवर्कवर स्विच अवलंबून असेल, तर ऐन गरजेच्या वेळी तो निरुपयोगी ठरतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेमुळे फेसबुकच्या डेटा केंद्रांमधील परस्परसंपर्क तुटला. कंपनीचा नेहमीचा व पर्यायी असे दोन्ही दूरस्थ मार्ग बंद पडले. अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर पाठवावे लागले आणि सेवा सुमारे सहा तास ठप्प राहिली. यावरून स्पष्ट होते, की पर्यायी मार्ग केवळ असून भागत नाही. तो मुख्य मार्गापासून खरोखर स्वतंत्र असावा लागतो व त्याची नियमित चाचणीही घ्यावी लागते.

समारोप

सारांश, या स्विचचा ताबा मिळणे म्हणजे सर्व्हरच्या खोलीत जाऊन यंत्रासमोर बसणेच होय. त्या खोलीची किल्ली आपण जितक्या काळजीने सांभाळतो, तितक्याच काळजीने या स्विचचा प्रवेशमार्ग सांभाळला पाहिजे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. सर्व्हरची कार्यप्रणाली बंद असताना के.व्ही.एम. स्विच उपयोगी का ठरतो?
२. दूरस्थ व्यवस्थापनाचा मार्ग मुख्य नेटवर्कपासून स्वतंत्र का असावा, ते सोदाहरण स्पष्ट करा.