मोठे रिव्हॉल्व्हर, लहान रिव्हॉल्व्हर आणि संवेगाचा हिशेब

संवेग अक्षय्यतेचा नियम शिकवताना बंदूक आणि गोळी यांचे उदाहरण हमखास येते. बंदुकीचे वस्तुमान दिलेले असते, गोळीचे वस्तुमान व वेगही दिलेले असतात. विद्यार्थी बंदुकीच्या प्रतिक्षेपाचा वेग काढतात, उत्तरामागे ऋण चिन्ह आले की समाधान मानतात आणि पुढच्या गणिताकडे वळतात. बंदूक तेवढी जड का केली, ती हलकी केली तर काय बिघडेल, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते गणिताची खरी गंमत तेथेच आहे. हा प्रश्न ब्रिटिश लष्करापुढे पहिल्या महायुद्धानंतर प्रत्यक्ष उभा राहिला होता, आणि त्याची उकल चालू असतानाच्या काळात हे लष्कर आपल्या सोलापुरातही येऊन गेले.

५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली. सोलापूरचे गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पोलीस चौक्या जळाल्या आणि १२ मे रोजी शहरात मार्शल लॉ पुकारला गेला. त्या काळी ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांसाठी मान्य असलेले रिव्हॉल्व्हर म्हणजे वेब्ली मार्क ६. ते १९१५ साली लष्करात दाखल झाले. नळी ६ इंच लांब, व्यास ०.४५५ इंच, वजन सुमारे १.०९ किलो. त्याची शिशाची गोळी १७.२ ग्रॅमची होती आणि ती सेकंदाला सुमारे १९० मीटर वेगाने बाहेर पडत असे.

हत्यार दणकट होते. अडचण हाताची होती. महायुद्धात घाईघाईने भरती झालेल्यांना थोड्या सरावात हे जड रिव्हॉल्व्हर सांभाळणे कठीण जाई. म्हणून तेच रिव्हॉल्व्हर लहान करून ०.३८ इंच व्यासाचे बनवावे असे ठरले. वेब्ली कंपनीने नमुना तयार केला. सरकारने मात्र त्यावर बेतलेले रिव्हॉल्व्हर आपल्याच एन्फील्ड येथील कारखान्यात बनवायला घेतले. वेब्लीने २२५० पौंडांचा दावा लावला आणि अखेर १२५० पौंड पदरात पाडून घेतले. हे नवे ‘एन्फील्ड नंबर २’ १९३२ च्या सुमारास लष्करात रुजू झाले. नळी ५ इंच, वजन सुमारे ७७० ग्रॅम, गोळी १३ ग्रॅमची आणि वेग जवळपास पूर्वीइतकाच.

आता फळ्यावर हिशेब मांडू. गोळीमागून बाहेर पडणाऱ्या वायूचा संवेग सोयीसाठी सोडून देऊ. मोठ्या रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा संवेग ०.०१७२ × १९०, म्हणजे ३.२७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. त्याला १.०९ ने भागले की रिव्हॉल्व्हर मागे येण्याचा वेग मिळतो : सेकंदाला ३ मीटर. लहान रिव्हॉल्व्हरसाठी संवेग २.४७ आणि मागे येण्याचा वेग सेकंदाला ३.२ मीटर. म्हणजे लहान हत्यार किंचित अधिकच वेगाने मागे येते! येथे विद्यार्थी बुचकळ्यात पडतात, आणि पडू द्यावेत. मग लहान केल्याने साधले काय? गतिज ऊर्जा काढायला सांगावी. मोठ्याची ४.९ ज्यूल येते, लहानाची ३.९ ज्यूल. हाताला जी ऊर्जा जिरवावी लागते ती पाचव्या हिश्शाने कमी झाली.

पण समजा लष्कराने गोळी तशीच ठेवून केवळ रिव्हॉल्व्हर ७७० ग्रॅमचे केले असते तर? संवेग ३.२७ च राहिला असता, मागे येण्याचा वेग ४.२ मीटरवर आणि ऊर्जा जवळजवळ ७ ज्यूलवर गेली असती. वजन कमी, धक्का दीडपट! जुन्या रिव्हॉल्व्हरचा जडपणा हा धक्का सोसण्यासाठी दिलेला मोबदला होता. हत्यार लहान करायचे तर आधी काडतूस लहान करावे लागते.

लहानपणाची आणखी एक किंमत नेमात मोजावी लागते. नळीच्या टोकाशी माशी असते आणि मागे खाच. दोन्ही एका रेषेत आणून नेम धरतात. समजा माशी व खाच यांत १९ सेंमी अंतर आहे आणि माशी १ मिमी बाजूला सरकली. समरूप त्रिकोणांनी २० मीटरवरची चूक सुमारे १०५ मिमी येते. तेच अंतर १६ सेंमी असेल तर चूक १२५ मिमी. शिवाय १९३८ साली रणगाड्यातील सैनिकांच्या सोयीसाठी एन्फील्डच्या घोड्याचे बोट काढून टाकले, कारण ते अडकत असे. आता घोडा अंगठ्याने आधी मागे ओढून ठेवता येईना. प्रत्येक वेळी चाप लांबवर आणि जोराने दाबावा लागे. त्याने नेम सुधारला नसणार हे उघड आहे.

वर्गात यातले काही दाखवायचे तर चार चाकांची हलकी फळी घ्यावी. तिच्यावर दोन खिळ्यांत रबर ताणून दोऱ्याने बांधावा, रबरापुढे गोटी ठेवावी आणि दोरा मेणबत्तीने जाळावा. गोटी पुढे, फळी मागे. मग फळीवर विटेचा तुकडा ठेवून तोच प्रयोग करावा. नंतर वीट काढून लहान गोटी घ्यावी. वेब्ली ते एन्फील्ड हा सगळा प्रवास टेबलावर दिसतो.

हिंदी चित्रपटात गोळी लागलेला माणूस चार हात मागे उडतो. तसे असते तर गोळी झाडणाराही तितकाच मागे उडायला हवा! १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी ७२ किलोमीटर वेगाने आला तर त्याचा संवेग ३.२ असतो, म्हणजे वेब्लीच्या गोळीइतकाच. फरक ऊर्जेत आहे : चेंडूची ३२ ज्यूल, गोळीची ३१० ज्यूल. आणि ती ऊर्जा बोटाच्या पेरापेक्षा लहान जागेवर येऊन पडते.

जागेचा हा मुद्दा सोलापूरच्याच इतिहासात पुढे एकदा निर्णायक ठरला. मार्शल लॉच्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. सोलापूरच्या दडपशाहीचा सूड म्हणून वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. गोळी हॉटसन यांच्या खिशातील टिपणवहीच्या धातूच्या बटणावर बसली आणि ते वाचले. गोगटे पुढे जन्मभर ‘हॉटसन गोगटे’ म्हणूनच ओळखले गेले.

बटणाने संवेग नाहीसा केला नाही; तो शरीराला मिळालाच. फक्त एका टोकावर येणारा दाब वहीच्या पानांवर पसरला. समजा गोळीचा व्यास १ सेंमी आहे आणि वही ६ सेंमी × ९ सेंमी आहे, तर तेच बल किती पट क्षेत्रफळावर विभागले जाईल, हे विद्यार्थ्यांना काढायला द्यावे. उत्तर सुमारे ६९ पट येते. प्रत्यक्षात ते सगळ्या वहीवर सारखे पसरत नाही, हेही त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे.